कुलूपबंद कपाटातला टॉर्च



स्मरणिका समितीने मला "शाळेच्या वर्कशॉपवर काहीतरी लिही" असे सांगितले, तेव्हा मी आधी नाही म्हणाले. गेली बावीस वर्षे मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. माझ्या हातात शेवटची कानस कधी होती तेही आठवत नाही. पण समितीतल्या मैत्रिणीने ऐकले नाही. "टेक्निकलला आपण तिघीच मुली होतो. दोघी परदेशात. राहिलीस तू," म्हणाली. त्यातच आपल्या बॅचने वर्कशॉपला गॅस टॉर्च द्यायचे ठरवले आणि ते तपासून घेण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. ते करताना मला या अवजाराचा इतिहास वाचावा लागला, आणि वाचता वाचता आपल्याच बॅचच्या इतिहासातले एक पान वेगळे दिसू लागले. म्हणून हा लेख.

टॉर्च म्हटले की आपल्याला विजेरी आठवते. इथे टॉर्च म्हणजे गॅस वेल्डिंगचा. पितळी दांडा, मागे दोन नळ्या, एक निळी नि एक लाल, दोन नॉब आणि पुढे वाकडी मान. ज्यांनी टेक्निकल घेतले नव्हते त्यांनीही एसटी स्टँडजवळच्या गॅरेजमध्ये तो पाहिला असेल. काळा चष्मा लावलेला वेल्डर लायटरची ठिणगी पाडतो, काजळी सोडणारी पिवळी ज्योत पेटते, तो नॉब फिरवतो आणि फुर्रकन ती निळी, टोकदार होते.

फुंकणीपासून सुरुवात

या टॉर्चची आजी म्हणजे सोनाराची फुंकणी. दिव्याच्या ज्योतीत बारीक नळीने फुंकर घातली की ज्योत एका बाजूला वळते, टोकदार होते आणि डाग लावण्याइतकी तापते. १८व्या शतकात युरोपातल्या खनिजतज्ज्ञांनी हीच फुंकणी प्रयोगशाळेत नेली. १७५१ साली निकेल शोधणारा स्वीडनचा क्रॉन्स्टेट दगडांची परीक्षा फुंकणीने करत असे. पण तोंडाने फुंकलेल्या हवेत प्राणवायू जेमतेम पाचवा हिस्सा, त्यामुळे या ज्योतीला मर्यादा होती.

१७७४ साली प्रीस्टलीने प्राणवायू वेगळा केला होता. १८०१ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रॉबर्ट हेअर या तरुणाने हायड्रोजन आणि प्राणवायू एकत्र जाळणारी फुंकणी बनवली. तिच्यात प्लॅटिनमसारखा हट्टी धातूही वितळला. पुढे केंब्रिजचे खनिजशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड क्लार्क यांनी दोन्ही वायू आधीच मिसळून एका डब्यात दाबून भरले आणि बारीक नळीतून सोडून पेटवले. उष्णता भरपूर मिळाली, पण ज्योत नळीतून मागे डब्यात शिरली की स्फोट! क्लार्कसाहेबांनी ते अनुभव घेतले. टॉर्चच्या इतिहासातला मुख्य प्रश्न तेव्हापासून एकच आहे. ज्योत पुढे पाठवायची कशी, हे लवकर जमले. ती मागे येऊ द्यायची नाही, हे अवघड ठरले.

उत्तराचा एक धागा त्याच सुमारास कोळशाच्या खाणींतून आला. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने दाखवले की बारीक जाळीतून ज्योत आरपार जात नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो. खाणकामगारांचा सुरक्षादीप यातून जन्मला. आज टॉर्चच्या नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर नावाचे बोटभर लांबीचे नळकांडे लावतात. त्यात धातूची सच्छिद्र चकती असते आणि तिच्यामागे डेव्हीचेच तत्त्व आहे.

योगायोग असा की टॉर्चमध्ये जळणारा वायूही याच घराण्यात सापडला. हम्फ्रीचा चुलतभाऊ एडमंड डेव्ही याने १८३६ साली ॲसिटिलीन शोधला. एका भावाने ज्योत अडवण्याची युक्ती शोधली होती, दुसऱ्याने पुढे जी ज्योत अडवावी लागणार होती तिचे इंधन.

कार्बाइडचा खडा

ॲसिटिलीन बरीच वर्षे प्रयोगशाळेतच पडून राहिला, कारण स्वस्तात करता येत नव्हता. १८९२ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात टॉमस विल्सन विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवून वेगळेच काही बनवायला बघत होता. हाती आला एक ठिसूळ, करडा दगड. तो पाण्यात टाकला तर वायू सुटला आणि पेटवला तर धुरकट ज्योत आली. हायड्रोजन असता तर धूर आला नसता. तो दगड कॅल्शियम कार्बाइड होता. फ्रान्समध्ये म्वासाँलाही त्याच सुमारास तो सापडला.

आपल्यापैकी अनेकांना कार्बाइडचा वास आठवेल, लसणासारखा. शुद्ध ॲसिटिलीनला तसा वास नसतो, तो खड्यातल्या अशुद्धतेचा. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत कार्बाइडची टाकी असायची. वर पाणी, खाली खडे, आणि बाजूला पांढऱ्या चुन्याचा चिखल साठलेला. पाणी आणि कार्बाइड एकत्र आले की वायू सुटतो आणि चुना मागे उरतो, इतके साधे रसायन.

१८९५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ ल शातलिए याने दाखवले की ॲसिटिलीन प्राणवायूत जाळला तर ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळते. म्हणजे ही ज्योत पोलादाला पाण्यासारखे वाहते करू शकत होती. त्याच वर्षी जर्मनीत लिंडे याने हवेचे द्रवीकरण मोठ्या प्रमाणावर करून दाखवले आणि काही वर्षांत त्यातून प्राणवायू स्वस्तात मिळू लागला. २०व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये फूशे आणि पिकार यांनी दोन्ही वायू एकत्र आणणारा वापरण्याजोगा टॉर्च बनवला. आपल्या वर्कशॉपमधला टॉर्च त्याचाच वंशज.

मधल्या काळात ॲसिटिलीनने माणसे मात्र मारली. हा वायू तऱ्हेवाईक आहे. दाब वाढला की प्राणवायू नसतानाही तो स्वतःच फुटतो. त्याला दाबून द्रवरूप करून विकण्याचे प्रयत्न स्फोटांत संपले. १८९७ साली क्लोद आणि हेस यांनी मार्ग काढला : ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवायचा. साध्या दाबाला एका भागात पंचवीस भाग विरघळतो, आणि दाब वाढवला की आणखी कितीतरी. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन याने सिलिंडरमध्ये भरायला सच्छिद्र पदार्थ तयार केला. त्यामुळे आत मोकळी पोकळीच राहिली नाही आणि सिलिंडर वाहून नेण्याइतका सुरक्षित झाला. दीपगृहांसाठी केलेल्या त्याच्या कामाला १९१२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीत झालेल्या स्फोटाने त्याचे डोळे गेले. पारितोषिक घ्यायला त्याच्या भावाला जावे लागले.

आपल्याकडचा मरून रंगाचा डी.ए. सिलिंडर, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचा, या परंपरेतला आहे. ऑक्सिजनचा काळा. १९३५ साली कलकत्त्यात इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन ही कंपनी स्थापन झाली आणि १९४० साली गॅस सिलिंडरचे नियम आले. ते नियम १९८१, २००४ आणि २०१६ साली नव्याने लिहिले गेले. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याचे मूळ १८९८ सालच्या स्फोटक पदार्थ विभागात आहे आणि मुख्यालय आपल्या नागपुरात.

फेब्रुवारी १९९४

आता आपल्या शाळेकडे येते. आपण नववीत होतो. वर्कशॉपचे सर गॅसचे प्रात्यक्षिक दाखवणार होते. ब्रेझिंगचा पाठ होता. ज्योत पेटवून दाखवायला सरांनी आपल्या एका मित्राला पुढे बोलावले. त्याचे नाव इथे लिहीत नाही, पण बॅचमध्ये सगळ्यांना माहीत आहे. त्याने ऑक्सिजनचा नॉब किंचित, मग ॲसिटिलीनचा सोडला आणि लायटरची ठिणगी पाडली. फट्ट आवाज झाला, दांड्यातून शिटीसारखा आवाज आला आणि दुसऱ्याच क्षणी लाल नळी टॉर्चजवळ फाटली. त्याच्या उजव्या मनगटाला भाजले. सरांनी धावत जाऊन दोन्ही सिलिंडर बंद केले, म्हणून पुढचे काही घडले नाही.

चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला की मुलाने ऑक्सिजन जास्त सोडला. आपणही तेच म्हणत राहिलो. त्याला वर्षभर 'फटाका' म्हणून चिडवले. मीही चिडवले. टॉर्च लोखंडी कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागले आणि शाळेत गॅसचे काम बंद झाले. पुढच्या वर्षी त्याने टेक्निकल सोडले. त्याला डिप्लोमाला जायचे होते. आज तो खते-बियाण्यांच्या दुकानात बसतो आणि चांगले दुकान चालवतो, पण गेटटुगेदरला कधी आला नाही.

पाच टॉर्च

गेल्या वर्षी ठरले की वर्कशॉपला गॅस सेट द्यायचा. वर्गातल्या एकाच्या काकांचे वर्कशॉप बंद झाले होते, त्यांनी चार जुने टॉर्च फुकट दिले. शाळेतल्या कपाटाचे कुलूप तोडले तर पाचवा मिळाला, तोच. मी औद्योगिक वसाहतीत गॅस वेल्डिंगची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडे पाचही घेऊन गेले. ते सत्तरीचे आहेत. मी अभियंता आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग ताई, आधी हात धुवून या."

मला हसू आले, कारण हे वाक्य मी शाळेत ऐकले होते. एकदा आईने सकाळी केसांना खोबरेल चोपडून वेणी घातली होती आणि हाताला तेल राहिले होते. सरांनी मला वर्गासमोर "हाताला तेल असेल तर बाहेर!" म्हणून हाकलले. मी व्हरांड्यात उभी राहून रडले. मुलगी म्हणून काढले असे मला कित्येक वर्षे वाटत होते. खरे कारण असे की शुद्ध प्राणवायूत, दाबाखाली, तेल-ग्रीस स्वतःहून पेट घेऊ शकते. कारागीरकाका तर ऑक्सिजनच्या आट्यांना बोटही लावू देत नव्हते.

त्यांनी तपासण्या ज्या क्रमाने केल्या, त्याच क्रमाने लिहिते. वाचून कोणी घरी करू नये. पण कोणाच्या शेडमध्ये असा जुना टॉर्च पडला असेल, तर तो का नाकारायचा हे कळावे.

पहिली तपासणी नुसत्या डोळ्यांनी. पहिल्या टॉर्चची मान वाकवून सरळ केलेली होती आणि डाग दिलेल्या जोडाशी केसासारखी भेग होती. बाद. भेग बुजवता येते असे मला वाटले. काका म्हणाले, "बुजवता येते, भरवसा बुजवता येत नाही."

दुसऱ्यात कोणीतरी ॲसिटिलीनच्या बाजूला तांब्याचा नळीचा तुकडा जोडला होता. दिसायला सुबक. पण तांब्यावर ॲसिटिलीन साचून राहिला की एक संवेदनशील स्फोटक तयार होते आणि ते नुसत्या धक्क्यानेही उडते. म्हणून या वायूच्या जोडण्या पितळेच्या किंवा पोलादाच्या असतात. नोझल तांब्याचे असते ते चालते, कारण त्यात वायू साचत नाही, वाहून जातो. हाही बाद.

तिसऱ्याच्या आट्यांत काळे ग्रीस होते. कोणीतरी नट सहज फिरावा म्हणून प्रेमाने लावलेले. हा त्यांनी पूर्ण सुटा केला, योग्य द्रावणाने धुतला, आतल्या रबरी रिंगा आणि नॉबमागचे पॅकिंग त्या कंपनीचे नवे घातले. आटे पाहताना एक गोष्ट कळली. ऑक्सिजनचा नट नेहमीसारखा उजवीकडे आवळतो, इंधनवायूचा उलटा. उलट्या आट्यांच्या नटावर कोपऱ्यांना खाचा असतात, म्हणजे अंधारातही बोटाला कळावे. नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. जो नट बसत नाही त्याला पान्ह्याने जबरदस्ती करायची नाही, हा धडा त्यातच आला.

मग गळती. टॉर्च नायट्रोजनच्या हलक्या दाबाखाली ठेवून प्रत्येक जोडाला तेलाचा अंश नसलेले साबणाचे पाणी लावले. चौथ्याच्या नॉबमागून बुडबुडे आले. पॅकिंग बदलल्यावर थांबले. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजून आहेत, असे काका म्हणाले आणि आपल्या नसलेल्या भुवईकडे बोट दाखवले. "मीही होतो."

शेवटची तपासणी ओढीची. आपले सगळे टॉर्च इंजेक्टरवाले होते. त्यात ऑक्सिजन बारीक भोकातून वेगाने जातो आणि जाताना ॲसिटिलीनला ओढून घेतो. धावत्या एसटीमागे धूळ ओढली जाते तसे. म्हणून फक्त ऑक्सिजन जोडायचा, ॲसिटिलीनची नळी काढून ठेवायची, दोन्ही नॉब उघडायचे आणि उघड्या तोंडावर स्वच्छ कोरडा अंगठा धरायचा. अंगठा ओढला गेला पाहिजे. तिसरा आणि चौथा टॉर्च अंगठा ओढत होते. पास.

पाचवा, आपला, ओढत नव्हता. उलट अंगठ्यावर वारा येत होता. ऑक्सिजन पुढे जायच्या ऐवजी ॲसिटिलीनच्या वाटेने मागे येत होता.

एक बदल, एक चाचणी

माझ्या व्यवसायात एक शिस्त आहे. प्रोग्रॅम बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा चालवून बघायचे. दोन बदलल्या तर कशाने सुधारले ते कळत नाही. मी काकांना विचारले, "आपण फक्त नोझल बदलून बघू या?" त्यांनी त्याच मापाचे नवे नोझल लावले, बाकी काही हलवले नाही. अंगठा ओढला गेला. जुने लावले, पुन्हा वारा. नवे लावले, पुन्हा ओढ.

म्हणजे इंजेक्टर धड होता, दोष नोझलमध्ये होता. भिंगातून पाहिले तर त्याच्या भोकात पितळेचा एक बारीक मणी घट्ट बसलेला. पुढचा रस्ता अर्धाअधिक बंद, म्हणून दाब मागे फिरत होता. दांड्याच्या आत काजळी होती, ती त्या दिवशी ज्योत आत शिरल्याची खूण.

मला प्रश्न पडला की हा मणी अपघातानंतर तर आला नसेल? विचार केला. पितळेचा थेंब नोझलमध्ये जातो तो ब्रेझिंग करताना, सळई नोझलला टेकली तर. त्या दिवशी ब्रेझिंग सुरूच झाले नव्हते, पहिलीच ठिणगी होती. त्यानंतर टॉर्च कपाटात गेला तो गेल्या वर्षी बाहेर आला. शाळेत दुसरे गॅसकाम झाले नाही. तेव्हा मणी त्या ठिणगीच्या आधीचा असला पाहिजे. ऑक्सिजन मागे फिरून लाल नळीत मिसळला, ठिणगी पडताच ज्योत त्या मिश्रणाचा माग काढत नळीत शिरली. क्लार्कसाहेबांच्या डब्यात झाले तेच आपल्या नळीत झाले. ऑक्सिजन मागे जाऊ न देणारी एकदिशा झडप आणि अरेस्टर, दोन्ही त्या सेटवर नव्हते.

आपल्या मित्राने ऑक्सिजन थोडा जास्त सोडला असेल का? असेलही, तीस वर्षांनी सांगता येत नाही. पण धड टॉर्चवर जास्त सोडला असता तर ज्योत फार तर फट्ट करून विझली असती. नळी फाटली नसती. हे मात्र मी खात्रीने लिहिते.

सरांच्या घरी

ते नोझल घेऊन मी सरांकडे गेले. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. जाताना वाटले, या वयात त्यांना हे का दाखवायचे? पण न दाखवता स्मरणिकेत छापणे जास्त वाईट झाले असते, आणि न छापणे तर त्याहून वाईट.

सरांनी भिंग घेऊन नोझल खिडकीशी धरले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आदल्या दिवशी शाळेच्या सायकल स्टँडचा पाइप मीच ब्रेझ केला होता. सळई टेकली असणार. नोझल साफ करायचं राहिलं." थोड्या वेळाने, "झडपा मी मागितल्या होत्या. पुढच्या वर्षीच्या यादीत टाकू म्हणाले. मग मीही पुन्हा विचारलं नाही."

मी म्हणाले, "सर, हे लिहू का?"

"लिही. त्याचं नाव लिहू नकोस, माझी चूक लिही. आणि आधी त्याला फोन लाव."

मी फोन लावला. सर बोलले, मी स्वयंपाकघरात काकूंशी बोलत बसले. परत आले तेव्हा सर डोळे पुसत होते. मित्राचा मला संध्याकाळी फोन आला. त्याने एवढेच विचारले, "ते नोझल टाकून तर नाही ना दिलंस?" या लेखाचा मजकूर त्याला वाचून दाखवला आहे आणि त्याच्या संमतीनेच छापला आहे.

शाळेला काय दिले

दोन टॉर्च पास झाले, ते शाळेला दिले. बाद झालेले दोन मधोमध कापले, म्हणजे भंगारातून कोणी उचलून पुन्हा वापरू नये. कापलेले अर्धे भाग फळीवर बसवले आहेत. आत इंजेक्टर कसा असतो ते मुलांना दिसेल. रबरी नळ्या आणि रेग्युलेटर जुने घेतले नाहीत. रबराचे वय बाहेरून कळत नाही आणि रेग्युलेटरच्या आतल्या झडपेची बैठक झिजली की टॉर्च बंद असतानाही दाबमापकाचा काटा वर सरकत राहतो. ते नवे घेतले. टॉर्चच्या तोंडाशी एकदिशा झडपा आणि रेग्युलेटरपाशी अरेस्टर, दोन्ही बाजूंना लावले. गॅसचे काम प्रशिक्षित निदेशकच करतील, मुले चष्मा लावून लांबून पाहतील, असे मुख्याध्यापिकाबाईंशी ठरले आहे.

वर्कशॉपच्या भिंतीवर सरांच्या अक्षरातला नियमांचा जुना तक्ता अजून आहे. आम्ही त्याशेजारी नवा लावला. नियम तेच : तेलकट हात नको. ॲसिटिलीन एक किलो दाबाच्या वर नको, सिलिंडर उभाच हवा. पेटवण्याआधी दोन्ही नळ्या वेगवेगळ्या सोडून मोकळ्या करा. नोझल रोज पाहा. फक्त प्रत्येक नियमापुढे 'का?' असा एक रकाना वाढवला. लहानपणी नियम म्हणजे सरांचा राग वाटायचा. इतिहास वाचल्यावर दिसले की त्यातली प्रत्येक ओळ कोणाच्या तरी डोळ्यांनी, हातांनी नाहीतर जिवाने लिहिलेली आहे. 'नोझल रोज पाहा' या ओळीपुढच्या रकान्यात सरांनी स्वतः, थरथरत्या हाताने, 'फेब्रुवारी १९९४' असे लिहिले.

पाचवा टॉर्च आम्ही दुरुस्त केला नाही. तो काचेच्या पेटीत आहे, त्याच नोझलसकट. स्नेहमेळाव्याच्या दिवशी सकाळी दहा वाजता वर्कशॉप उघडे असेल. नवा सेट पहिल्यांदा पेटवला जाईल तेव्हा लायटर निदेशकांच्या हातात द्यायला दोघे जण उभे असतील, सर आणि आपला मित्र. तो येणार आहे. सगळ्यांनी वेळेवर या, आणि कृपा करून त्या दिवशी त्याला जुन्या नावाने हाक मारू नका. मीही मारणार नाही.